गार पाण्यातला व्हॉल्व्ह

ज्याला खोटं वाटतं त्यानं सुरतेला यावं, भेस्तानला माझ्या मामाच्या गॅरेजवर जावं आणि त्याचं उजवं मनगट बघावं. मामा दाखवेलच असं नाही. हल्ली तो भर उन्हातही बाही खाली ओढून बसतो.

भूत म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते. हे झालं गेल्या मे महिन्यात, भर दुपारी साडेबाराला. वर तापलेला पत्रा, बाहेर रिक्षांचा कालवा.

माझा मामा वाल्मिक. आमचं सगळं गणगोत खानदेशातलं, सुरतेच्या लिंबायतला राहून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणारं. मामा तेवढा मेकॅनिक झाला. वय शेचाळीस, पण त्या महिन्यात साठीचा दिसत होता. एकुलत्या एका मुलीचं, योगिताचं, लग्न चार दिवसांवर आलेलं. दिवसभर गॅरेज, संध्याकाळी मंडपवाला, आचारी, पत्रिका. जेवता जेवता ताटावरच डोळा लागायचा बिचाऱ्याचा.

योगितानं बापाकडे एकच हट्ट धरला होता. सासरी जाईन तर लाल गाडीतून.

लाल गाडी म्हणजे नरेंद्रभाईंची. मामाचं जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षांची स्पोर्ट्स कार, सीटं दोनच. नवरा चालवणार, नवरी शेजारी. नरेंद्रभाई दिलदार माणूस, लगेच हो म्हणाले. पण गाडीला एक खोड होती. ट्रॅफिकमध्ये जरा उभी राहिली की तापायची.

"वाल्मिकभाई, थंडो व्हॉल्व्ह नाखी दो ने," ते म्हणाले. "एटले वात पती." थंड व्हॉल्व्ह बसवा, की विषय संपला.

व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातलं पाणी ठरावीक तापलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. गाडीत ब्याऐंशी डिग्रीचा होता. नरेंद्रभाईंनी एकाहत्तरचा आणून दिला. लवकर उघडेल, मग गाडी तापणार नाही, असं त्यांचं गणित.

आमच्याकडचे निम्मे मिस्तरी तर व्हॉल्व्ह काढून भंगारातच टाकतात. म्हणे, सुरतेच्या उन्हात तो हवाच कशाला? मामाचे उस्ताद, उखा मिस्तरी, असल्यांचा पार उद्धार करायचे. गाडी का तापते ते आधी शोध, मग व्हॉल्व्हला हात लाव, हा त्यांचा नेम.

आणि नवा व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय बसवायचा नाही, हा दुसरा. लूमवरचा धागा घ्यायचा. व्हॉल्व्हच्या बंद तोंडात त्याचं टोक अडकवायचं आणि पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडायचं. खाली गॅस पेटवायचा. पाणी पुरेसं तापलं की तोंड उघडतं, धागा सुटतो आणि व्हॉल्व्ह तळाला पडतो. टक. त्या क्षणी थर्मामीटर बघायचा.

उखा मिस्तरींना जाऊन अठरा वर्षं झाली. मामा अजून तसंच तपासतो.

त्या दुपारी गाडी का तापते हे शोधायला हवं होतं. मामा हे स्वतः कबूल करतो. पण अंगात त्राणच नव्हतं. थंड व्हॉल्व्ह टाकू, लग्नापुरतं भागेल, असं त्यानं ठरवलं.

पातेल्यात नळाचं पाणी घेतलं. व्हॉल्व्ह धाग्याला लावून सोडला. लायटर शोधायला मामा मागे वळला, आणि…

टक.

गॅस पेटलेला नव्हता.

मामानं बघितलं. धागा रिकामा लोंबत होता. व्हॉल्व्ह तळाला. त्यानं पाण्यात हात घातला. पाणी गार.

व्हॉल्व्ह मात्र… चटका बसेल इतका गरम. आणि तोंड घट्ट मिटलेलं.

"झोप पुरी होत नाही ना, मग असले भास होतात," मामा स्वतःलाच म्हणाला. त्यानं पुन्हा धागा अडकवला. या वेळी नजर हलवली नाही.

टक.

शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाहेरचा रिक्षांचा आवाजही… थांबला होता. भेस्तानच्या रस्त्यावर, भर दुपारी.

मामा घाबरला का? तो म्हणतो, घाबरायलाही ताकद लागते रे. त्यानं मुकाट्यानं तोच व्हॉल्व्ह गाडीत बसवला आणि इंजिन चालू केलं.

तापमानाची सुई छान खाली राहिली. मामाला हायसं वाटलं. दहा मिनिटं गेली.

मग सुई चढायला लागली. नव्वद. शंभर. लाल रेघ.

मामानं इंजिन बंद केलं. डोकं भणभणत होतं, मंडपवाल्याचा चौथा फोन वाजत होता. त्यानं फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. पोरासोरांनाही कळतं हे.

हात झाकणावर टेकला, आणि…

कुणीतरी मनगट धरलं.

ओला हात. भाजणारा.

"थांब रे भो," कानाशी आवाज आला. "आते नको." आता नको, आमच्या खानदेशी बोलीत.

मामा जागच्या जागी थिजला. मागे कुणीही नव्हतं. पण पकड सुटेना. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

मग गाडीच्या आत फट्कन आवाज झाला.

इंजिनातलं गरम पाणी आत आणणारी हीटरची जुनी नळी डॅशबोर्डखाली फुटली होती. बंद काचांच्या आत वाफच वाफ. उकळतं पाणी डाव्या सीटवरून खाली गळत होतं.

डाव्या सीटवर योगिता बसणार होती.

मनगटावरची पकड तेव्हा सुटली.

नळी मामानं दुसऱ्या दिवशी बदलली. रेडिएटर चोंदला होता, तोही साफ केला. नरेंद्रभाईंनी तासभर फिरवून बघितली, सुई हलली नाही. तरी मामानं गाडी नाकारली.

"आबा, आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती मी," योगिता म्हणाली.

पोरगी भाड्याच्या व्हॅनमधून सासरी गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडलीच नाही. आजही फोन आईलाच करते.

मी मामावर चिडलो. गाडी का नाकारली, ते खरं सांगून टाक ना तिला, म्हटलं. तेव्हा त्यानं बाही वर केली.

मनगटावर भाजल्याचे वळ. तीन बोटांचे.

उखा मिस्तरींची दोन बोटं तरुणपणीच गाडीच्या पंख्यात गेली होती. उजव्या हाताला उरलेली तीनच.

"वाफेनं भाजलं असेल, मामा."

"वाफ काचेच्या आत होती. मी बाहेर, बोनेटपाशी."

बाही खाली ओढत तो म्हणाला, "उस्ताद कसे गेले, माहीत आहे तुला?"

माहीत होतं. सगळ्या लिंबायतला माहीत आहे. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं, उकळतं पाणी तोंडावर आलं, चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले.

"त्यांनी नव्हतं उघडलं," मामा म्हणाला. "त्यांनी माझं मनगट धरलं होतं. थांब रे भो, आते नको, म्हणाले. मला जेवायला जायची घाई. मी हिसडा दिला आणि उघडलं. लोकांना सांगितलं, उस्तादनंच उघडलं."

योगिताला तो काय सांगणार? एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागतं.

परवा गॅरेजवर गेलो होतो. मामा नुसताच बसला होता. समोर पातेलं, त्यात नळाचं पाणी, व्हॉल्व्ह धाग्याला टांगलेला. गॅस बंद.

"उस्ताद," तो पातेल्याकडे बघत पुटपुटला, "पोरीला सांगू का?"

आम्ही दोघं बघत राहिलो. पंखाही बंद होता, तरी धागा… हलला.

टक.

हो की नाही, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.