आत्याचे तीन राखणदार

ती चुकून एक मजला वर गेली, एवढंच काय ते निमित्त.

लिफ्टमधल्या बटणांवरचे आकडे बोटं लागून लागून पुसले होते. डोळ्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि हिनं दाबलं चौथ्याचं. गाडी शिकवायचा तिचा परवाना नवा करायचा होता, त्यासाठी नजर चांगली असल्याचा दाखला हवा होता. लिफ्टचं दार उघडलं तशी समोरच्या मुलीनं विचारलं, "चाचणीसाठी आलात ना?"

"हो."

"या, या. सगळे वाटच पाहताहेत."

खोली लहानशी. मधोमध टेबल, टेबलावर स्टँडला अडकवलेला मोबाइल, भिंतीवर भला मोठा आरसा आणि खुर्चीत वही घेऊन बसलेला एक तरुण. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "ही तुमची परीक्षा नाही, तेव्हा घाबरू नका. पडद्यावर जे दिसेल ते मोठ्यानं वाचा. वाचताना मनात जे येईल तेही मोठ्यानं बोला. मी मात्र काही सांगणार नाही, मदतही करणार नाही."

बरा दिसतोय हा डॉक्टर, तिला वाटलं. मागचा किती खेकसायचा! तिनं तळहातानं डावा डोळा झाकला आणि वाचायला सुरुवात केली.

"'तुमचे नवे वॉलेट तयार करा.' दिसतंय. अगदी स्वच्छ."

तरुणाच्या भुवया वर गेल्या, पण तोंडाला कुलूप.

"'हे बारा शब्द कागदावर लिहून ठेवा. फांदी, कुदळ, चांदणे, गोगलगाय...' हेही दिसतंय. आता उजवा झाकू?... बोलत नाहीत. बरं, मनात येईल ते बोला म्हणालात ना? डॉक्टर फार लहान वाटतात. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलंय. डोळे मात्र छान आहेत. म्हणजे डॉक्टरांचे."

आरशामागे कुणीतरी फिसकन हसल्यासारखं झालं. तिनं तिकडे दुर्लक्ष केलं.

"'हे शब्द हरवले तर तुमचे सर्व पैसे कायमचे जातील. कोणीही ते परत मिळवून देऊ शकणार नाही.' अहो डॉक्टर! डोळे तपासायला आलेल्या माणसाला असं घाबरवतात का?"

तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. तो इतका हसला, की मांडीवरची वही खाली पडली आणि ती उचलायला वाकल्यावर टेबलाचा कोपरा डोक्याला लागला.

मग उलगडा झाला. हा डॉक्टर नव्हे. ही कंपनी मोबाइलमधलं पाकीट बनवते. डिजिटल नाणी, ज्यांना लोक क्रिप्टो म्हणतात, ती ठेवायचं वॉलेट; ते बारा शब्द म्हणजे त्याची एकुलती एक किल्ली. आणि याचं काम म्हणजे नव्या माणसाला समोर बसवायचं, आपण मूग गिळून बसायचं आणि तो कुठे अडतो ते टिपायचं.

"आणि तो आरसा?"

"तो... तुमच्या बाजूनं आरसा आहे. पलीकडून काच."

"पलीकडे कोण आहे?"

"पाच जण."

"म्हणजे ते डोळ्यांचं पण..."

"सगळं ऐकलं त्यांनी," तो म्हणाला आणि चुकलेलं बटण सोडवायला लागला. कान लालेलाल झाले होते त्याचे. तिचेही.

खालच्या मजल्यापर्यंत तो तिला सोडायला आला. जिन्यात अर्ध्यावर थांबून म्हणाला, "एक विचारू? तुम्ही त्या बारा शब्दांशी अडखळलात. सगळेच तिथे अडखळतात. दहातले सात तर फोन खाली ठेवून सरळ घरी जातात."

"मग काय करतील? पहिल्याच दिवशी नवशिक्याला बॉनेट उघडून इंजिन दाखवता आणि वर सांगता, चुकलास तर मेलास! मी असं केलं तर माझ्या गाडीत चिटपाखरू बसणार नाही."

"तुम्ही काय करता?"

"उद्या सकाळी सात वाजता मैदानाशी या. बघा."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. सातला दहा मिनिटं कमी असताना तो मैदानाच्या कुंपणाशी उभा होता. सगळी बटणं जागच्या जागी.

तिच्याकडे शिकणारे तिला ब्रेकताई म्हणत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावरून. त्या दिवशी स्टिअरिंगवर एक पेन्शनर आजोबा होते. दोन्ही हातांनी ते आवळून धरलेलं. वळणावर तिचा पाय ब्रेकवर गेला, नुसता टेकला, आणि आजोबांनी गाडी आपली आपण वळवली.

"दाबला का नाहीत?" मागच्या सीटवरून त्यानं विचारलं.

"गरज काय? तो आहे एवढं त्यांना माहीत असलं, की पुरतं. मग माणूस चुकायला घाबरत नाही, आणि घाबरला नाही की फारसा चुकतही नाही."

आजोबा उतरून गेले, तरी तो गाडीतच बसून राहिला. "आमच्या वॉलेटला दुसरा ब्रेकच नाही," तो हळूच म्हणाला.

"मग बसवा."

"कुणाच्या पायाशी? तिथे बँक नाही, साहेब नाही. तीच तर त्यातली गंमत आहे. आपलं पाकीट दुसऱ्या कुणाच्या मुठीत नाही."

"कंपनीच्या मुठीत नको, पण घरच्या माणसाला काय झालं? माझी आत्या घराची जादा किल्ली शेजारणीकडे ठेवते. बँकेत नाही ठेवत."

"आणि शेजारणीनंच घर साफ केलं तर?"

"एकटीच्या हातात कशाला द्यायचं? तिघांना निवडा. दोघांनी हो म्हटलं तरच उघडू दे."

आरशातून — गाडीतल्या छोट्या आरशातून — तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की शेवटी तिनंच आरसा फिरवला.

"असं काय बघताय?"

"मनात आलं ते बोलायची सोय फक्त समोरच्याला असते," तो म्हणाला. "आमची बोलती बंद."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. म्हणे, गाडी शिकायची आहे. शिकला किती देव जाणे. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि दोघंही हसून बेजार व्हायची. मधल्या वेळात तो मोबाइल काढून नवं काय केलं ते दाखवी. बारा शब्द आता पहिल्या पडद्यावर नव्हतेच. हवे त्यानं मागाहून पाहावेत. त्यांच्या जागी सरळ विचारलेलं असे, 'तुमचे तीन राखणदार निवडा.' उद्या फोन हरवला तर त्यातल्या दोघांनी हो म्हटलं, की वॉलेट परत उघडेल. ज्याला निवडाल त्याला निरोप जाणार, आणि त्यानं स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहून होकार द्यायचा. ती वाचून तुमची खात्री पटली, की तुम्ही बटण दाबायचं; तिघांचेही होकार झाले, की वॉलेट तयार.

"ओळ कशाला?" तिनं विचारलं.

"आपलं माणूस बोलण्यावरून ओळखू येतं," तो म्हणाला आणि भलत्याच ठिकाणी गिअर टाकला.

महिना असा हां हां म्हणता गेला. एका सकाळी गाडी चौकाच्या तोंडाशी बंद पडली, आणि त्यानं ती चालू करायचा प्रयत्नही केला नाही.

"पुढच्या शुक्रवारी निकाल आहे. दहा नवी माणसं. पंधरा मिनिटांच्या आत, माझ्या मदतीशिवाय, आठ जणांचं वॉलेट उघडलं पाहिजे. एका ठरलेल्या वाक्यापलीकडे मी एक शब्द जरी बोललो तरी ती चाचणी बाद. आठ झाले तर काम पुढे चालू. सात झाले, तर आमच्या मोठ्या बाई गट मोडणार आणि मला मुख्य कचेरीत धाडणार."

"किती लांब आहे ती?"

"इतकी लांब, की तिथे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालवतात."

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. तिला खूप काही बोलायचं होतं. "क्लच दाबा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आता तिच्या आत्याविषयी सांगायला हवं. आई गेल्यापासून तिला आत्यानंच वाढवलं. आत्याची स्वतःची मुलगी परदेशी नोकरीला. ती सारखी म्हणे, आई, वॉलेट उघड, तिथे पैसे पाठवते, मिनिटात पोचतील. आत्यानं एकदा प्रयत्न केला होता आणि ते बारा शब्द पाहून फोन उशीखाली घालून ठेवला होता. शुक्रवारच्या दहा जणांत एक माणूस कमी पडतंय हे कळल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "मी येते. तो मुका मुलगा बघायचाच आहे मला. तू हल्ली भाजीत मीठ दोनदा घालतेस."

"आत्या!"

"काय आत्या? केस उन्हात पांढरे नाही केले मी."

शुक्रवारी दुपारपर्यंत नऊ जण होऊन गेले. सात पास. आत्या दहावी, शेवटची.

मोठ्या बाईंनी भाचीला काचेमागे उभं राहू दिलं. बाई करारी होत्या. हातात घड्याळ, तोंडावर रेषा हलत नव्हती. पलीकडे आत्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि सुरू झाली.

"'नाव लिहा.' लिहिलं. 'पुढे.' पुढे. 'तीन राखणदार निवडा.' हे बरंय, माणसं मागताहेत, शब्द नाही. पहिली माझी मुलगी. दुसरी शेजारीण, जिभेची तिखट आहे पण हाताची स्वच्छ."

दोघींच्या ओळी आल्या. मुलीनं लिहिलं होतं, 'आई, शेवटी उघडलंस!' शेजारणीनं लिहिलं होतं, 'आधी माझा चमचा परत कर.' आत्यानं दोन्ही मोठ्यानं वाचल्या, ओळखीचं हसली आणि बटणं दाबली. दहा मिनिटं झाली होती.

"तिसरी माझी भाची. नाव दाबलं... निरोप गेला." आणि आत्यानं हात मागे घेतला. "पण थांबा. राखणदार म्हणजे हाकेला ओ देणारं माणूस हवं. ही पोरगी इथे राहणार, की तुमच्या मागोमाग सातासमुद्रापार जाणार? ते मला आधी कळायला हवं. काय हो? तिच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे?"

त्याला ते एकच ठरलेलं वाक्य बोलायची मुभा होती. ते तो बोलला. "तुम्ही काय विचार करताय, ते सांगत राहा."

"तेच सांगतेय की! तुम्ही सांगा. नाही सांगितलंत, तर मी हे बटण दाबत नाही. मी आहे आणि ही खुर्ची आहे."

अकरा मिनिटं. बारा. आत्या हाताची घडी घालून बसलेली. तो बोलला तर चाचणी बाद, न बोलला तर वेळ संपणार. इकडे आड, तिकडे विहीर. 

मग त्यानं पेन खाली ठेवलं. वही मिटली. खुर्चीत सरळ होऊन बसला.

हा बोलणार! काचेमागून तिनं ओळखलं. एवढे दिवस राबून उभं केलेलं सगळं हा एका वाक्यापायी घालवणार... आणि त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं, की आपल्या हातातला फोन मघापासून थरथरतोय. आत्याचा निरोप! राखणदार होता का? एक ओळ लिहा.

तिनं अंगठ्यांनी भराभरा लिहिलं आणि पाठवून दिलं.

"अगं बाई, काहीतरी आलं," पलीकडे आत्या म्हणाली. दिसेल ते मोठ्यानं वाचायचं असा नियम. तिनं चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'आत्या, त्याला बोलायला लावू नकोस, त्याचं काम बुडेल. मी कुठेही जात नाही. तोही जाऊ नये, कारण माझा जीव जडलाय त्याच्यावर. आता हट्ट सोड आणि बटण दाब.'"

काचेमागच्या पाचही माना एकदम तिच्याकडे वळल्या. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"शंभर टक्के तिचीच ओळ," आत्या म्हणाली. "मला हट्टी म्हणायची हिंमत दुसऱ्या कुणात नाही." आणि तिनं बटण दाबलं.

चौदा मिनिटं, दहा सेकंद.

"बाई, ही बाहेरची मदत तर नाही ना झाली?" कुणीतरी कुजबुजलं.

मोठ्या बाईंनी घड्याळ थांबवलं. "त्यानं तोंड उघडलं का? नाही. आणि राखणदारानं मदत करायची नाही, तर करायची कुणी? आठ झाले." बाईंना हसताना त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

पलीकडे तो उठला. "चाचणीसंपलीधन्यवाद," एका दमात म्हणाला आणि थेट आरशापुढे जाऊन उभा राहिला. आरशात त्याचा त्यालाच चेहरा दिसत होता. "माझंही... म्हणजे माझाही जीव... फार दिवसांपासून... सांगायचं होतं, पण..."

"अहो, आरशाला काय सांगताय?" आत्या म्हणाली. "ती तुमच्या मागे उभी आहे."

तो वळला. ती दारात होती, वळसा घालून धावत आल्यानं धापा टाकत.

"आठ झाले," ती म्हणाली.

"नसते झाले, तरी मी बोलणारच होतो."

"दिसलं मला. म्हणून तर माझी धांदल उडाली. नाहीतर आपल्या मनातलं आत्याच्या तोंडून कुणी वदवून घेतं का?"

तो हसला. त्यानं हात पुढे केला आणि तिनं आपला हात त्यात दिला — इतक्या सहज, की दोघांनाही नंतर नवल वाटलं.

"मला एक सांगा," मागून आत्या म्हणाली. ती अजून फोन घेऊनच बसली होती. "राखणदार बदलता येतो का? शेजारणीला काढून जावयाला घ्यायचं आहे. चमचा मागते म्हणजे काय!"

"येतो," तो म्हणाला. "पण कसा ते मी सांगणार नाही. तुम्हीच शोधा."

आत्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं, चष्मा नाकावर ओढला आणि अर्ध्या मिनिटात शोधून काढलं. त्याच्या खिशातला फोन थरथरला. भाचीचा हात न सोडता, एकाच हातानं त्यानं होकाराची ओळ लिहिली.

ओळ आली तशी आत्या वाचायला लागली आणि वाचता वाचता गप्प झाली. मग तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय लिहिलंय गं?" भाचीनं विचारलं.

"ते आमच्या दोघांतलं आहे," आत्या म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.