तीस डेसिबलच्या खाली

आवाज मोजणं ही माझी नोकरी. पाराना नदीकाठच्या आमच्या बंदराच्या गावात नगरपालिकेची मी एकटीच आवाज-तपासनीस. एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वही, आणि शिव्या खायला दोन कान मोकळे. गिरणीचा भोंगा, लग्नातले कर्णे, शेजाऱ्याचा कोंबडा, सगळं मोजून झालंय. कोंबडा सत्तर भरतो.

मोलीनो गल्लीची तक्रार जुनी होती. मार्च ते मे सोयाबीनचा हंगाम. हमरस्ता तुंबला की बंदराकडे निघालेले ट्रक या गल्लीत घुसायचे, दिवसाला तीन-चारशे. भिंतींना तडे, गटारात सांडून आंबलेल्या सोयाबीनचा वास, आणि दुपारी एक ते चार, जेव्हा आमच्याकडे कुत्रंसुद्धा झोपतं, तेव्हा तावदानांची थरथर.

लढा दिला दोन्या एल्वेसियाने; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात. वय एकाहत्तर, उभा जन्म शाळेत शिपाईण म्हणून गेलेला. तिचा नवरा रेमो धान्याच्या कोठारात कामाला होता. त्या धुळीने त्याची छाती निकामी केली. पुढच्या खोलीत पडून असायचा, आणि दिवसाउजेडी डोळा लागला तरच लागायचा. म्हणून ही बाई दोन वर्षं दुपारी भर रस्त्यात खुर्ची टाकून बसली, मांडीवर 'माते' या आमच्याकडच्या कडू चहाचा चंबू.

कोपऱ्यावरच्या घरातला तितो स्वतःच ट्रकवाला. तो काचेतून डोकं काढून ओरडायचा, "दोन्या, खुर्ची सरकवा, नाहीतर चाकाखाली घेऊन जाईन!"

"घेऊन जा की! पण फडकं आहे का गाडीत? रक्ताचे डाग राहिले तर तुझी आई मलाच बोलेल."

फेब्रुवारीत नियम झाला. दहा टनांवरच्या गाड्यांना मोलीनो गल्ली बंद, त्यांनी बाहेरच्या वळणरस्त्याने जायचं. दुपारच्या झोपेच्या वेळी पंचावन्न डेसिबलची मर्यादा. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. दर गुरुवारी अडीच वाजता मी आकडा घ्यायचा आणि तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा, असं ठरलं.

पहिल्या गुरुवारी एक्कावन्न. कुठेतरी रेडिओ, झाडांवर किडे, पेल्यात ढवळला जाणारा चमचा. दुसऱ्या गुरुवारी त्रेचाळीस. तिसऱ्या गुरुवारी चौतीस. त्या दिवशी सोयाबीन खाऊन मातलेली कबुतरं माझ्या पायांशी भुर्रकन उडाली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की तो 'भुर्र' मीच मनात म्हटला होता. पंख मला ऐकू आलेच नव्हते.

चौथ्या गुरुवारी मीटरवर आकडाच नव्हता. नुसत्या दोन रेघा. आमचा मीटर तीसच्या खाली मोजत नाही. पण उघड्या रस्त्यावर, भर वस्तीत, तीसच्या खाली कधी काही जात नाही.

पाटीच्या खांबापलीकडे एक पाऊल टाकलं, तर अठ्ठावन्न. परत आत एक पाऊल, रेघा. दुसरा मीटर आणला. रेघा. मी टाळी वाजवली. हात चुणचुणले, एवढंच.

चार वाजले आणि सगळं जागच्या जागी आलं. दारं करकरली, कुणीतरी खाकरलं. गल्ली तीन तास झोपेत असायची, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. जे जागे होते ते म्हणाले, "देवाची कृपा, काय गाढ दुपार असते हल्ली!"

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणाची तक्रार आहे?"

"नाही."

"मग लिहा, नियम यशस्वी."

तक्रार पुढच्या मंगळवारी आली. दोन्या एल्वेसिया स्वतः आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"काल रेमो पलंगावरून पडला, इन्स्पेक्टरबाई. श्वास कोंडला. चाळीस मिनिटं मला हाका मारत होता. मी शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होते. मधलं दार सताड उघडं." तिचे ओठ गच्च मिटले, मग पुन्हा उघडले. "निळा पडला होता. वाचला. पण मी झोपायला शांतता मागितली होती, मरायला नाही."

"तक्रार लिहिते. पण कुणाविरुद्ध लिहू?"

"जागा मोकळी ठेव. जो कोणी आहे, त्याला आम्ही वाजवून बाहेर काढू."

गुरुवारी पाऊण वाजताच सगळी गल्ली रस्त्यावर होती. चाळीसेक माणसं, हातात पातेली, झाकणं, कढया, लाकडी डाव. इथे लोक रागावले की भांडी वाजवतात, त्यात नवल नव्हतं. तितो आपला ट्रक घेऊन पाटीपर्यंत आला होता.

"दोन्या, सोडा मला आत! इंजिनाची एक गुरगुर, हॉर्नचा एक दणका, बघा सगळं कसं ताळ्यावर येतं."

"एक चाक जरी पाटीच्या आत आलं ना तितो, तर पहिलं पातेलं तुझ्या टाळक्यावर वाजेल. हा नियम आम्ही मिळवलाय. तो मोडून मला काही परत नको."

"मग मी काय करू?"

"उतर. भांडं घे."

तो उतरला. कुणीतरी त्याच्या हातात तवा दिला.

देवळाच्या घड्याळाने एकचा टोला दिला, आणि त्याचा घुमारा मध्येच सुरीने कापल्यासारखा तुटला.

दोन्या एल्वेसियाने डाव उचलून पातेल्यावर हाणला.

काही नाही.

मग सगळ्यांनीच हाणलं. चाळीस माणसं भर उन्हात जीव खाऊन भांडी बडवत होती, आणि काही म्हणजे काही नाही. तोंडं ओरडत होती. तितोच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी बघत होते, आणि मला कधी कुठल्या गोंगाटाची वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती.

दीड वाजला. दोन वाजले. काहीजण भिंतीला टेकून बसले. तिने एकेकाला दंडाला धरून उठवलं. तिच्या तळहाताची साल निघाली होती, डावाचा दांडा लाल झाला होता. तिने हात बदलला.

मी मीटर जमिनीवर ठेवला आणि रस्त्यात पडलेलं एक झाकण उचललं.

सव्वादोनला तळपायांना काहीतरी जाणवलं. थरथर. आतून.

रेघा. रेघा.

तीस.

एकतीस.

ती माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली. मी आणखी जोरात हाणलं.

पस्तीस.

मग कुणीतरी दार लाथेने फोडावं तसा आवाज आत आला. सत्त्याण्णव. कान फाटले, कुत्री केकाटली, लोक रडत-हसत एकमेकांच्या गळ्यात पडले. मर्यादा पंचावन्नची होती. कायद्याने मी प्रत्येकाच्या नावाची नोटीस फाडायला हवी होती. मी वही मिटली.

हात थांबले तेव्हा खिडकीतून रेमोचा खोकला ऐकू आला. इतका प्रेमाने ऐकलेला खोकला मी पाहिला नाही. दोन्या एल्वेसियाने डोळे पुसले आणि आनंदाने पातेल्यावर आणखी एक ठोका मारला.

तो वाजला नाही.

पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. बाकी सगळं वाजत होतं, माझं झाकणसुद्धा. तिने पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं, मग खो-खो हसली. हसणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ठेवून घेतलं वाटतं एक. ठेवू दे मेल्याला! घरात दुसरं आहे."

त्यानंतरचे गुरुवार नीट गेले. चव्वेचाळीस, शेहेचाळीस. ट्रक वळणरस्त्याने जात राहिले. फक्त दोन्या एल्वेसिया मागून आली की मी दचकायचे, कारण तिच्या सपाता वाजायच्या नाहीत. रेमो आता दाराकडे तोंड करून झोपतो, असं तितोने सांगितलं. ती आत आलेली त्याला कळत नाही म्हणे.

मेच्या अखेरीस मी कार्यालयात अहवाल लिहीत बसले होते. खिडकी बंद होती, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. सहज मान वर केली, तर दोन्या एल्वेसिया टेबलासमोर उभी. हातात नवा अर्ज, त्याखाली सगळ्या गल्लीच्या सह्या. वळणरस्त्यालगतच्या झोपड्यांसाठीही हाच नियम हवा, असं त्यात लिहिलं होतं. ती बोलत होती. हातवारे करत, टेबलावर बोट आपटत, पूर्वीसारखीच तावातावाने. चेहऱ्यावरचा घाम पाहता बराच वेळ बोलत असावी.

घड्याळाची टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती.

मग तिचे ओठ थांबले. भुवया वर गेल्या. तिने काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तरासाठी ती माझ्याकडे बघत उभी होती.