पलीकडच्या काठावरची

आणखी किती निळा दोरा लागेल ते बघायला त्या सकाळी मी वाचनालयाचा हॉल सगळ्यांच्या आधी उघडला. भिंतीवर लावायचं आमचं मोठं भरतकाम तिथे चौकटीवर ताणून ठेवलेलं असे. चित्र माझं होतं. मधून नदी, अलीकडच्या काठाला एक होडी. भरायला गल्लीतल्या सगळ्या बायका. अट एवढीच, की प्रत्येकीने अलीकडच्या काठावर स्वतःला भरायचं, अंगठ्याएवढं. शिंपीणकाकूंनी स्वतःला इतकं सडपातळ भरलं होतं की आम्ही त्यांना रोज नव्याने शोधायचो.

पलीकडचा काठ मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. त्या सकाळी तिथे पिवळी ओढणी घेतलेली एक मुलगी उभी होती, तोंड आमच्याकडे.

हा आगाऊपणा कुणाचा, म्हणून मी भिंग लावून पाहिलं. टाके उलट्या दिशेला कललेले होते, डावखुऱ्या हाताचे. आमच्यात डावखुरं कुणीच नव्हतं. वाकून मागची बाजू पाहिली, तर तिथे ना गाठ, ना दोऱ्याचं टोक. खरं सांगते, भीती नाही वाटली. कुतूहल मात्र स्वस्थ बसू देईना.

बायका आल्यावर विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मावशी तेवढी पुढे झाली. तिने त्या ओढणीवरून हळूच बोट फिरवलं.

"हे उसवू नकोस हं."

"मावशी, तू भरलंस?"

"माझा हात उजवा. डाव्या हाताने कोण भरायचं, तुला माहीत आहे…"

माहीत होतं. तिची मुलगी, माझी ताई. डावखुरी म्हणून मावशीने तिला शेजारी न बसवता समोर बसवून टाके शिकवले होते. एका दुपारी ताई होडीतून नदीपलीकडे जायला निघाली, ती परत आलीच नाही. होडीही सापडली नाही. मला तर आई गेल्यापासून मावशीनेच वाढवलं. तिच्याशिवाय माझं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी काठावरची मावशी जागेवर नव्हती. भरलेलं उसवलं तर कापडाला भोकं राहतात. तिथे एकही भोक नव्हतं. होडी नदीच्या मध्यावर गेली होती आणि मावशी तिच्यात बसली होती, पाठ आमच्याकडे करून.

मी तिला फोन लावला.

"काही नाही गं, जरा दमल्यासारखं वाटतंय. आज पडून राहते…"

तिच्या आवाजामागे पाण्याची चुबुकचुबुक ऐकू येत होती.

तेव्हा मात्र मी घाईघाईने दोऱ्यांचा डबा उघडला. दुसरं काही सुचेना, म्हणून जे हाताला येतं तेच केलं. तपकिरी दोरा दुहेरी ओवला, होडीला दोरी भरली आणि तिचं टोक काठावर भरलेल्या माझ्या हातात दिलं. दोरा ओढताना जड लागत होता, जणू पलीकडूनही कुणी धरलाय. मी मावशीला जाऊ देणार नव्हते. मी दात-ओठ खाऊन ओढत राहिले. शेवटच्या टाक्याला तो एकदम सैल पडला.

सकाळी होडी अलीकडे लागलेली होती, रिकामी. मावशी तिच्या जागी उभी होती. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं.

मी धावतच तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं, चांगली हसतमुख. मी तिला मिठीच मारली.

"ये, बस. आम्ही तुझीच वाट बघत होतो."

"आम्ही?"

"साखर आणते हं," म्हणत ती आत गेली.

टेबलावर चहाचे दोन कप होते. एक मावशीचा, अर्धा प्यायलेला. दुसरा भरलेला, वाफाळता, आणि त्याचा कान समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या डावीकडे. ती खुर्ची रिकामी होती. माझा स्वभावच असा, राहवेना. मी हात लांब करून तो कान उजवीकडे वळवला.

"ताई…?" मी अगदी हळू म्हटलं.

आतून मावशीने विचारलं, एक चमचा की दोन. मी तिकडे मान वळवून "एक" म्हटलं. परत पाहिलं, तेव्हा कपाचा कान डावीकडे होता.