भोक लहानच ठेवा

दिवा राहू द्या. अंधारात हे सांगणं मला जमत नाही.

लातूरला माझं ऑपरेशनचं हॉस्पिटल होतं. भूकंपाला दहा वर्षं झाली होती आणि आमच्या गल्लीत क्लासेसचं पेव फुटलं होतं; समोरच्या माडीवर दीडशे पोरं सकाळपासून एका सुरात सूत्रं घोकायची. अशाच एका सकाळी मलप्पा नावाच्या किराणा दुकानदाराचं पित्ताशय काढायचं होतं. त्यात खडे झाले होते, आणि जुन्या काविळीनं लिव्हर पार कडक झालेलं. अशा माणसाचं पोट उघडलं की रक्त थांबता थांबत नाही, म्हणून बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं करायचं ठरलं. दुर्बिणीच्या कामात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

टेबलावर झोपवल्यावर मलप्पांनी माझा झगा पकडला.

"डॉक्टरसाहेब, भोक लहानच ठिवा. मोठं केलं तर ती भायेर येती."

"कोण?"

"कमलम्मा. माझी बायको." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "भूकंपात ढिगाऱ्याखाली जिती व्हती. भोकातनं हात काढून माझं मनगट धरलं. तेवढ्यात जमीन पुन्हा हालली... भिताड माझ्यावर पडायलं... अन् ती सोडंना. मी दगड घेतला, तिची बोटं ठेचली. दोन. तवापासून ती हितं हाय."

"तिथं तुमचं लिव्हर आहे," मी हसून म्हणालो. "भोक बोटाएवढंच ठेवतो. शब्द देतो."

दुर्बीण आत गेली. पडद्यावर लिव्हर दिसलं, खडबडीत, गाठीगाठींचं. पित्ताशय सुटत आलं, आणि मागची शीर फाटली. पडदा लालभडक झाला.

"सर... उघडावं लागेल," नीलाबाई सिस्टर पुटपुटल्या.

दिलेला शब्द आठवला. पण माणूस डोळ्यांदेखत मरत होता. मी बरगडीखाली वीतभर चीर दिली. रक्ताबरोबर वास आला, पडक्या भिंतीच्या पांढऱ्या मातीचा. हात आत घालून शीर दाबली. रक्त थांबलं. वाचला, असं वाटलं.

आणि आतून कुणीतरी माझं मनगट धरलं.

पाच बोटं, बर्फगार. कोपरापर्यंत हात आत ओढला गेला. खोटं कशाला बोलू, भ्यालो मी. डाव्या हाताला पोट फाकवून धरायचा जड पोलादी आकडा लागला. तो मी त्या उघड्या पोटात हाणला... एकदा, दोनदा, तीनदा. बोटासारखं काहीतरी कडकन मोडलं आणि पकड सुटली.

नीलाबाई भिंतीपर्यंत मागे सरकल्या होत्या. लिव्हरच्या चिंधड्या झाल्या होत्या. दहा मिनिटांत मलप्पा गेले.

मी हातमोजे काढले. कुठंच फाटले नव्हते.

बाहेर त्यांची मुलगी दामिनी उभी होती. लिव्हरच खराब होतं, मी म्हणालो. तिनं वाकून माझे पाय धरले. "तुमी लई केलं, साहेब." मी उजवा हात पाठीमागे लपवला.

त्या दिवसानंतर मी चाकू हातात धरलेला नाही. मनगटावरचे वळ अजून आहेत. आणा तो दिवा जवळ, बघा नीट. पाच बोटं. त्यांतली तीन वाकडी.

मलप्पांनी दोनच ठेचली होती.