दोरीबाहेरचा जोडीदार

नांदेडच्या हॉलवरून फोन आला तेव्हा फौजदार मंजुश्री हुडगेच्या हातात सकाळचा पहिला चहा होता. तो तसाच राहिला. झाडायला आलेल्या बाईला पैलवानांच्या कपडे बदलायच्या खोलीत रक्त दिसलं होतं. बेसिनमध्ये रक्त, टॉवेलवर रक्त, भिंतीवर ओढत गेलेला पंजा. खुंटीला अमरेशची पँट, खिशात पाकीट, बाकावर मोबाईल, खाली बूट. बाकी खोलीत काही नव्हतं. अमरेशही नव्हता.

अमरेश आणि शहेबाज म्हणजे टीव्हीवरच्या ‘महाधडक’ कुस्तीतली लोखंडी जोडी, सगळ्या लातूरची लाडकी. एक दोरीच्या आत लढणार, दुसरा बाहेर उभा राहणार. आतला थकला की बाहेरच्याला टाळी द्यायची आणि जागा बदलायची. ही कुस्ती मातीतली नव्हे; कोण पडणार, कोण उठणार हे आधीच ठरलेलं. सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि रविवारी संध्याकाळी सगळे खुशाल विसरतात. मंजुश्रीसुद्धा विसरायची, उगाच खोटं कशाला बोला.

आदल्या संध्याकाळी याच शहेबाजनं अमरेशच्या पाठीत खुर्ची घातली होती आणि तो माइकवर ओरडला होता, तुला जिता सोडणार न्हाई म्हणून.

झालं. अख्ख्या मराठवाड्यानं ते खरं धरलं. अमरेशची आई गौरम्मा हिनं शहेबाजचं नाव घेऊन फिर्याद दिली. लातुरात त्याचा बाप मोहियोद्दीन यांच्या गादीच्या दुकानावर दगड पडले. वरचे साहेब मंजुश्रीला म्हणाले, दोन दिवसांत पोराला खुनाच्या गुन्ह्यात कोर्टापुढं उभा करा, मुडदा मिळेल सावकाश.

शहेबाज समोर बसला तेव्हा त्याचे डोळे जागरणानं तांबडे झाले होते.

"जोडी फोडायचं कुणी ठरवलं?"

"निर्मात्यांनी. गुंडावार साहेबांनी. टीआरपी पडला होता."

"अमरेशला माहीत होतं?"

"म्याडम, दोघांनी मिळून तालीम केली. अमऱ्या भाऊ हाय माझा, त्याला कामून मारू?"

"त्या दिवशी तो नेहमीपेक्षा वेगळा वागला का?"

"त्यानं लिंग दिलं न्हाई."

अमरेश लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. झोंबाझोंबीत डबी गळ्यात ठेवता येत नाही, आणि ती खुंटीला टांगायची नाही, हा गौरम्माचा हुकूम. म्हणून अगदी पहिल्या कुस्तीपासून अमरेश दोरीच्या आत जाताना डबी शहेबाजच्या हातात द्यायचा, बाहेर आला की परत घ्यायचा. शहेबाज ती मुठीत धरून उभा राहायचा. त्या दिवशी दिली नाही, तेव्हा त्याला वाटलं, जोडी फुटणार म्हणून रुसला असेल.

मंजुश्रीनं चित्रण पाहिलं. अमरेश हॉलमध्ये शिरला तेव्हाच त्याचा गळा मोकळा होता. डबी ना गळ्यात, ना जोडीदाराकडं, ना खोलीत.

मग गुंडावार. माझा तर पोरगाच गेला, असं म्हणत त्यानं डोळे पुसले. येत्या रविवारी ‘अमरेश कुठे आहे?’ असा खास भाग लावला होता म्हणे, श्रद्धेपोटी. टीआरपीचं विचारल्यावर मात्र गडी रडायचं विसरला आणि किती चढला ते हौसेनं सांगत बसला. मंजुश्रीला त्याची किळस आली, पण किळस म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती उदगीरला गेली. गौरम्मानं ऊर बडवून घेतला. पोराच्या लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. शहेबाज आपल्या ताटात जेवला, आपल्याला आईसारखं अव्वा म्हणायचा, आता त्याला फासावर द्या, असं म्हणाली. पोरानं शेवटचं काय खाल्लं तेही विचारलं. मंजुश्री स्वतः लिंगायत, तिचेही डोळे भरून आले. जीप गावाबाहेर पडल्यावर तिला उमजलं की म्हातारीनं एक गोष्ट विचारलीच नाही. तिथूनच तिनं नांदेडला फोन लावला आणि गौरम्माच्या मोबाईलवर कुठकुठले फोन आलेत ते काढायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहेबाजला कोर्टात न्यायच्या आधी तिनं सगळ्यांना ठाण्यात बसवलं. एका बाकावर गौरम्मा आणि गुंडावार. दुसऱ्यावर शहेबाज, शेजारी त्याचा हात धरून मोहियोद्दीन.

"माझे वडील औशाच्या रस्त्यावर अपघातात गेले," मंजुश्री म्हणाली. "आईनं कसे गेले ते विचारलं नाही. आधी विचारलं, लिंग कुठाय? आपल्यात तळहातावर लिंग ठेवल्याशिवाय माणसाला मातीत ठेवत नाहीत. अव्वा, तुम्ही पोराचं जेवण विचारलंत. लिंग विचारलं नाहीत."

गौरम्मानं पदर तोंडाला लावला.

"कारण ते कुठं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. अमरेशनं पाकीट सोडलं, फोन सोडला, बूट सोडले. लिंग सोडता येईना. शहेबाजला दिलं असतं तर त्या खुर्चीनंतर त्याच्यापाशीच राहिलं असतं. म्हणून कुस्तीच्या आधीच ते गुंडावारांच्या गाडीत गेलं. परत यायचं नाही, हे त्याचं दोरीच्या आत पाय टाकण्यापूर्वीच ठरलं होतं."

"आणि रक्त?" गुंडावारानं विचारलं.

"त्याचंच. ब्लेडचं पातं कपाळावर फिरवून रक्त काढायचं, तुमचं तर रोजचंच काम. गौरम्मांना किनवटहून फोन येत होते. तुमच्या मेव्हण्याच्या बंद पडलेल्या वसतिगृहातून. काल संध्याकाळी आमची माणसं तिथं गेली होती."

तिनं दार उघडलं. कपाळाला पट्टी, गळ्यात चांदीची डबी. अमरेश.

तो खाली मान घालून भडाभडा बोलला. पंधरवड्यात परत येणार होतो. मुंबईच्या कार्यक्रमात एकट्याला घेणार होते. शहेबाजला कळलं असतं तर त्याचं रडणं खरं वाटलं नसतं, असं साहेब म्हणाले. त्याला आत टाकतील, दुकानावर दगड पडतील, इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं.

शहेबाजनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो गौरम्माकडं बघत होता.

"अव्वा, तुला ठाऊक होतं?"

गौरम्मा उठून अमरेशपाशी जाऊन उभी राहिली. दुकानावर दगड पडले तेव्हाही न रडलेला शहेबाज मोहियोद्दीनच्या खांद्यावर डोकं टेकवून रडला. मंजुश्रीला त्या बाईचा इतका राग आला की तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

खोटी फिर्याद, पोलिसांची दिशाभूल, कागद झाले. कोठडीत नेण्याआधी हवालदारानं अमरेशला गळ्यातलं काढायला सांगितलं. अमरेशनं डबी काढली, आणि त्याचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं आपसूक शहेबाजपुढं गेला.

शहेबाजनं त्या डबीकडं पाहिलं. त्याची मूठ अर्धी उघडली होती. मग त्यानं ती मिटली, बापाला उठवलं आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

अमरेशचा हात तसाच पुढं राहिला.