बाराशे सोळा वाक्यं

पाटीवर : रडायचं असेल तर बाहेर जा. मला झोपायचंय.

"ते अंघोळीला गेले की खिशातला काढायचा आणि दुसरा ठेवायचा," मीटर म्हणाला. "माझे बाबा आहेत. मीच काढणार."

तिघं जिन्यात बसली होती. थोरली आणि तिची धाकटी बहीण खार सुट्टीसाठी काकांकडे आल्या होत्या. मीटर हा काकांचा मुलगा. दिसेल ते मोजत सुटतो, म्हणून मीटर. वर तिसऱ्या मजल्यावर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती पुसायची पांढरी पाटी त्यांच्या उशाशी होती. तिच्यावरचं वाक्य सकाळपासून पुसलेलं नव्हतं.

आजोबांनी तेहतीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारला. घरात ते हळू बोलले, तरी खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर द्यायचे. मग घशात गाठ निघाली. एकोणीस दिवसांपूर्वी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याच्या खाली एक भोक होतं. त्यातून श्वास जायचा, आवाज नाही.

ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस ते रोज हॉस्पिटलमधल्या एका छोट्या खोलीत माईकसमोर बसले होते. ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना मदत करणाऱ्या वाचाताईंनी त्यांच्याकडून बाराशे सोळा वाक्यं बोलून घेतली. त्या वाक्यांवरून एक टॅब्लेट आजोबांच्या आवाजात बोलायला शिकणार होता. पण वाचाताईंच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली, म्हणून त्यांनी सगळी वाक्यं पेन-ड्राइव्हवर हलवली. कॉपी नाही केली, हलवली. घरी आणखी एक प्रत करून ठेवा, असं काकांना बजावलं. काका हो हो म्हणाले.

आणि त्याच पेन-ड्राइव्हवर डिस्चार्जचा कागद घालून झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेले.

पाटीवर : सगळं गेलं?

हे काल संध्याकाळचं. काकांनी घरच्या कॉम्प्युटरला पेन-ड्राइव्ह लावला, तर वाक्यांच्या जागी एकच चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण. काकांनी त्यावर दोनदा क्लिक केलं, मग चिडून सात-आठदा. काहीच उघडलं नाही. झेरॉक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, व्हायरस आहे, उद्या अकराला घेऊन या. आधी फॉरमॅट मारू, सगळं पुसून टाकू, मग सॉफ्टवेअरने सगळं परत काढून देतो.

मीटर मागे उभा होता. त्याने खालचा आकडा वाचला होता.

"बाबा, हा रिकामा आहे, तर बत्तीसपैकी अठरा जीबी कशाने भरलेत?"

"तू सातवीत आहेस ना? मग सातवीतच राहा."

जिन्यात त्याने तेच बहिणींना सांगितलं. पिशवी रिकामी दिसतेय, पण उचलली तर वजन लागतंय. म्हणजे माल आत आहे, कोणीतरी झाकून ठेवलाय. थोरलीने शाळेच्या लॅबमध्ये असाच बाण पाहिला होता. तेव्हा त्यांच्या बाईंनी कोणाला हात लावू दिला नव्हता. फॉरमॅट केल्यावर किती परत मिळेल ते नशिबावर, असं बाई म्हणाल्या होत्या.

काकांना पुन्हा समजवायचं का, यावर थोडा वाद झाला. खार म्हणाली, काकांना समजवण्यापेक्षा त्यांची पँट समजूतदार आहे.

मीटरने स्वतःचा पेन-ड्राइव्ह काढला. एकाच पाकिटातून आलेला, तसाच काळा. त्यात त्याचा सुट्टीतला प्रकल्प होता, बेडकाच्या वाढीचे एक्केचाळीस फोटो.

"दुसरी प्रत आहे ना?" थोरलीने विचारलं.

मीटर उठून वर गेला. बाथरूमचा नळ सुरू झाला होता.

पाटीवर : (कोणी पाहिली नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं.)

दुकान म्हणजे एक टेबल, दोन यंत्रं आणि एक कॉम्प्युटर. त्याच्या तोंडाशी लोकांचे पेन-ड्राइव्ह एकामागून एक लागत होते. एका बाईंचा निघाला की एका मुलाचा. मीटर काकांच्या मागे उभा राहून मोजत होता. चार लागले, आणि चारही वेळा पडद्यावर तो वाकडा बाण आला. दुकानदाराने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

खारने त्याला विचारलं, की तुमच्याकडे व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम नाही का?

"होता की. सारखा कोकलायचा, काम करू देईना. बंद करून टाकला."

मग त्याने काकांचा पेन-ड्राइव्ह लावला, दोन बटणं दाबली आणि हात झटकले. "झाला नवा कोरा. आता बघा, वाक्यं कशी वर येतात."

दहा मिनिटांनी पडद्यावर अर्धा बेडूक आला. मग एका बेडकाचं पोट. मग नुसता करडा चौकोन, आणि पुढे करडेच चौकोन.

काकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. मीटरने खरं काय ते सांगून टाकलं. काकांनी त्याचं कोपर धरलं आणि तसंच रस्त्यावरून ओढत हॉस्पिटलकडे नेलं. खार मागे आली नाही. ती दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "आत जायचं तर जा, पण पेन-ड्राइव्ह आजारी पडून बाहेर येईल." दोघं हसले आणि आत गेले. तिसरा परत फिरला.

पाटीवर : (अजून कोणी नाही.)

खरा पेन-ड्राइव्ह मुठीत धरून थोरली चौदा मिनिटं धावत हॉस्पिटलमध्ये पोचली होती. वाचाताई आधी म्हणाल्या, की घरी प्रत असेलच. प्रत नाही, हे कळल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. माझ्याकडची मीच काढून टाकली, असं दोनदा म्हणाल्या. पेन-ड्राइव्ह घेऊन त्या नेहमीच्या कॉम्प्युटरकडे वळल्या, आणि थोरली मध्ये उभी राहिली.

"त्यात आणखी किती जणांचे आवाज आहेत?"

"सव्वीस."

"मग तिथे नको ना."

कपाटात एक जुना लॅपटॉप होता. त्यात कोणाचंच काही नव्हतं आणि तो इंटरनेटला जोडलेला नव्हता. त्याला पेन-ड्राइव्ह लावला. बाणाला कोणी हात लावला नाही. लपवलेल्या फाइल्स दाखवायची खूण वाचाताईंनी चालू केली, आणि वाक्यांचं फोल्डर उगवलं. फिकट, पुसट, तापातून उठलेल्या माणसासारखं.

काका मीटरला घेऊन दारात आले, तेव्हा पहिली फाइल सुरू होती. आजोबांचा आवाज म्हणत होता, "आज हवा बरी आहे."

काकांच्या हातातून कोपर सुटलं.

मीटर सरळ पडद्याकडे गेला आणि मोजू लागला. बाराशे नऊ.

१२१०.
१२११.
१२१२.
१२१३.
१२१४.
१२१५.
१२१६.

या सात उघडेनात. व्हायरस फाइल्स हलवत असताना कोणीतरी पेन-ड्राइव्ह तसाच उपटला असणार, असं वाचाताई म्हणाल्या. कोणी उपटला, ते कोणीच विचारलं नाही. माईकसमोरच्या शेवटच्या दिवशी ठरलेली वाक्यं संपली होती. आजोबांनी वाचाताईंना बाहेर पाठवलं होतं आणि मनातलं काहीतरी बोलले होते. ते हेच सात तुकडे.

पाटीवर : आठवत नाही.

ती सात वाक्यं काय होती, असं विचारल्यावर आजोबांनी हे लिहायला जरा जास्तच वेळ घेतला. काका पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, की चूक माझीच, पोरांनी वाचवलं नसतं तर उरलेलंही गेलं असतं. आजोबांनी पाटी पुसली. बराच वेळ पुसतच राहिले.

दुपारभर काकांनी मान वर केली नाही. त्या लॅपटॉपवरून वाचाताईंनी तीन स्वच्छ प्रती करून दिल्या होत्या. एक हॉस्पिटलात ठेवली, एक काकांच्या ऑफिसच्या कपाटात आणि एक थोरलीच्या घरी जाणार होती. घरचा कॉम्प्युटर साफ होईपर्यंत बंद राहणार होता. झेरॉक्सवाल्याकडे काका स्वतः जाऊन आले. परतल्यावर मीटरला म्हणाले, बेडकाचे फोटो पुन्हा काढायला मी तुझ्याबरोबर तळ्यावर येईन. मीटर म्हणाला, आता त्यांना पाय फुटलेत, शेपट्या परत मिळणार नाहीत.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी टॅब्लेट आला. सगळे पलंगाभोवती जमले आणि एकदम बोलू लागले. आजोबा, हे दाबा. आजोबा, मोठ्याने करा. आजोबांनी एका बोटाने सावकाश लिहिलं, आणि त्यांचा आवाज खोलीत आला. सपाट, जरा पाण्याखालून आल्यासारखा, पण त्यांचा.

"तिघं पोरं खरी, पण आपल्या डोक्याने चालली, म्हणून मी आहे. आता जरा गप्प बसा. मला बोलायचंय."

आजोबांचं बोट काचेवर थांबलं होतं. ते त्या हरवलेल्या सात वाक्यांतलं पहिलं शोधत असावेत. कोणी घाई केली नाही.