जोडीचा पोपट

"अहो, थांबा! तो वितळवायला देऊ नका!"

नवीन जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानात तृप्ती आली होती कुकरच्या शिट्टीसाठी. पण तिची नजर गेली तराजूकडे. कुणीतरी नव्या स्टीलच्या बदल्यात जुनं पितळ मोडीत घातलं होतं आणि त्यात एक पोपट होता — झोपाळ्याच्या कडीचा, काळसर, ऐटबाज. घरभर सोंगट्या, अडकित्ते, लामणदिवे जमवणाऱ्या तृप्तीचा जीवच वरखाली झाला.

दुकानदार भुजंगनं पोपटाला टिचकी मारून कान लावला. "ओतीव काम हाय. शंभरीचा असंल. पण जोडीचा दुसरा कुठं गेला, काय म्हाईत..."

नुसत्या कानानं वय सांगणारा माणूस! तृप्ती बघतच राहिली. पोपट घेऊन घरी गेली, शिट्टी दुकानातच विसरली.

मग दर शनिवारी काही ना काही निमित्त निघू लागलं. तो मोडीतून तिच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवायचा.

"सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी ठेवता का असं?"

"बाकीचे गिऱ्हाईक शिट्टी इसरून जात न्हाईत," तो हळूच म्हणाला. तृप्ती लाजून अडकित्ताच न्याहाळत बसली.

एका शनिवारी त्यानं कागदाची पुडी पुढे केली. "ती मोड टेंभुर्णीची व्हती, म्हनून तिथं गेल्तो. सहा घरं फिरलो, मंग गोजरबाई म्हनून एक म्हातारी हाय, तिच्याकडं सापडला."

जोडीचाच पोपट! पण लखलखीत, पिवळाधमक.

"चिंच लावून दोन तास घासला," तो कौतुकाच्या आशेनं म्हणाला.

"अहो, काय केलंत हे! तो काळा रंग म्हणजेच तर त्याचं वय! शंभर वर्षं धुऊन टाकलीत..."

भुजंगचा चेहरा उतरला. "आमच्यात आवडत्या माणसाला काळं पितळ देत न्हाईत," एवढंच बोलून तो आत निघून गेला.

आवडत्या माणसाला... तृप्ती घरी आली, दोन्ही पोपट शेजारी ठेवले. एक काळा, एक पिवळा. सहा घरं फिरलेला माणूस, आणि आपण त्याला काय बोलून आलो! तिला रडूच आलं. मग ती उठली आणि तिनं चिंच भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर दोन लखलखीत पोपट बसले.

भुजंग दचकला. "तुमचाबी घासला? अवो, त्याचं वय..."

"असू दे. पुन्हा तसा रंग चढायला किती वर्षं लागतील?"

"चाळीस... पन्नास बी."

"एकटीनं वाट बघायला फार झाली की हो," तृप्ती म्हणाली. "सोबत थांबाल?"

भुजंगनं दोन्ही पोपटांना टिचकी मारली, कान लावला, आणि हसला.

"थांबतो की... पण मंग झोपाळा बघावा लागंल. दोघं बसतील असा."